चार थेंब आणि पंधरा ठोकळे

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. आलापल्लीच्या सागवानाची. वर एक कप्पा, खाली एक खण. वरच्या कप्प्यात लाकडी ठोकळे आणि चित्रांचे पत्ते असत. खालच्या खणात रक्त असे. दचकू नका. वाळलेलं रक्त, जाड पांढऱ्या कागदावर, रुपयाहून लहान गोलांत.

माझ्यात सोळा ठोकळे होते. आता पंधरा आहेत. मला कुणी उचललं की पंधरा ठोकळे खडखडतात, आणि सोळाव्याच्या जागी काहीच नसतं, तेही खडखडतं. तुम्हाला ते ऐकू येणार नाही. मला येतं. बरीच वर्षं माझ्या खालच्या खणात एक मेलेली पोर राहत होती. तिची गोष्ट सांगते. गोड करून सांगणार नाही. गोड बोलणाऱ्यांनीच तिचं वाटोळं केलं.

मला लहानू सुताराने बनवलं. रंधा मारताना तो बिडी ओढायचा, म्हणून माझ्या झाकणाला एका कोपऱ्यात जळाल्याचा डाग आहे. मला न्यायला शहरातले एक मोठे सर आले होते. नाव सांगत नाही. अशा सरांना नाव लागत नाही, खुर्ची लागते.

"काय ठेवता सर हिच्यात?" लहानूने विचारलं.

"स्मरणशक्ती मोजायची साधनं."

"बापा! मंग कडी मजबूत लावून देतो. नाई तं पळून जाईन थे."

सर हसले नाहीत. ते विद्वान होते.

त्यांचं म्हणणं जीपमध्ये मी रोज ऐकायची. ते असं. माणसाच्या शरीरात जनुकं असतात. जनुक म्हणजे शरीर कसं बांधायचं आणि कसं चालवायचं याची लिहून ठेवलेली सूचना. प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून. तुम्ही पाढा पाठ करता तेव्हा मेंदूतल्या पेशी एकमेकींशी नवे दुवे बांधतात. ते दुवे बांधायला लागणारा माल जनुकांच्या हुकमाने तयार होतो. म्हणजे शिकण्यात आणि लक्षात ठेवण्यात जनुकांचा हात आहेच. इथपर्यंत सर खरं बोलत होते. पण पुढे ते म्हणायचे, "जंगलातली ही मुलं मागे का? कारण ते यांच्या रक्तातच आहे. मी ते रक्तात दाखवून देणार."

अर्धं खरं आणि अर्धं पदरचं. मित्रांनो, मी पूर्ण खोटं बोलणाऱ्याला घाबरत नाही. त्याचं खोटं लवकर उघडं पडतं. हे अर्धंमुर्धं खरं पिढ्या खातं.

एटापल्ली तालुक्यातल्या एका लहान गावात आम्ही गेलो. मोहाची फुलं पडायचे दिवस होते. शाळेच्या व्हरांड्यात मला उघडलं आणि एकेचाळीस मुलांना रांगेत बसवलं. सरांसोबत एक मॅडम होत्या. त्या चित्राचा पत्ता दाखवत आणि छापील मराठीत विचारत, "बाळ, हे काय आहे बरं?" चित्र असे फ्रीजचं. जहाजाचं. उद्वाहकाचं, म्हणजे लिफ्टचं. घरी माडिया बोलणारी, शाळेत जेमतेम मराठी ऐकलेली ती पोरं पत्त्याकडे बघत, मग मॅडमच्या चपलेकडे बघत. उत्तर नाही. शून्य.

मग प्रश्न आला, "समजा तू जंगलात हरवलास, तर काय करशील?"

पत्रू नावाचा नऊ वर्षांचा मुलगा होता, बापासोबत बाजारात जाऊन मराठी बोलायला शिकलेला. त्याने मॅडमकडे नीट पाहिलं.

"मी काऊन हरवन?"

"समजा रे. समजा हरवलास."

"तुमी हरवान. मले आवाज द्या, मी आनून देईन."

सगळी रांग खिदळली. मॅडमने कागदावर शून्य टाकलं. तो आकडा मी उलटा, खालून, कागदाच्या पाठीवर उमटलेला पाहिला. पेन जोरात दाबलं होतं.

शेवटी करिश्मा आली. सात वर्षांची. डोक्यावर केस असे नव्हतेच, कुठे कुठे भुरकट पुंजके. तोंडाच्या आणि डोळ्यांच्या कडेला लाल, सोललेली कातडी. तिची आई धुरपता व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी होती. तिने सांगितलं, "तिले झटके येतात, मॅडम. बोलावलं तं लवकर आयकत नाई."

हे मॅडमने लिहून घेतलं नाही. त्या रकान्यात तो प्रश्नच नव्हता.

सोळा ठोकळे काढले. आठ तांबडे, आठ पांढरे. मॅडमने चौकोनात एक नक्षी मांडली, पोरीला दहा मोजेपर्यंत पाहू दिली, मग हाताने मोडली आणि म्हणाल्या, "आता तू कर." करिश्माला ऐकू आलं नाही. तिच्या कानांत तोपर्यंत फार थोडं उरलं होतं. ती मोडलेल्या नक्षीच्या जागेकडे नुसती बघत राहिली. घड्याळ संपलं. "स्मरणशक्ती: शून्य." मॅडम ठोकळे भरायला वळल्या तेव्हा त्या पोरीने एक तांबडा ठोकळा मुठीत घेतला. मी पाहिलं. मी काय बोलणार? मी पेटी.

संध्याकाळी मोजणी झाली. पंधरा. सर म्हणाले, "लिहा, चोरीची प्रवृत्ती."

नंतर रक्त. प्रत्येक मुलाचं बोट टोचून कागदावरच्या चार गोलांत चार थेंब. "रक्त कायले घेता?" लालसूने, म्हणजे करिश्माच्या बापाने विचारलं. सर म्हणाले, "ताकद तपासतो." इंग्रजी कागदावर त्याचा अंगठा घेतला. एकेचाळीस कागद वाळले, पुड्यात बांधले आणि माझ्या खणात आले.

आता नीट ऐका. ते रक्त कुणीच तपासलं नाही. प्रकल्पाचे पैसे संपले. जीपमध्ये जागा नव्हती, म्हणून मला गावातल्या आरोग्य उपकेंद्रात ठेवलं आणि पावसाळ्यानंतर नेऊ म्हणाले. तो पावसाळा त्यांच्यासाठी अजून संपलेला नाही. पण अहवाल छापून निघाला. त्यात लिहिलं होतं, 'मंदत्व बहुधा आनुवंशिक.' रक्त न तपासता रक्ताला दोष. सरांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. माझा फोटो त्यात मुखपृष्ठावर होता म्हणे. मित्रांनो, ही माझी आयुष्यातली एकमेव तारीफ. मला त्या फोटोची लाज वाटते.

अहवालाची एक प्रत शाळेत गेली. मास्तरने एकेचाळीस पोरांना मागे बसवलं. आणि या सगळ्यात एक गोष्ट झाली जिला मी माफ करू शकत नाही. एकेचाळीसमधली चाळीस मुलं धडधाकट होती. एका पोरीच्या जनुकात खरोखर चूक होती, तिला खरोखर औषध हवं होतं. पण सगळ्यांवर एकच शिक्का मारल्यावर तिच्याकडे वेगळं बघणार कोण?

दोन वर्षांनी करिश्मा गेली. झटका आला तो थांबलाच नाही. मी उपकेंद्राच्या मागच्या खोलीत होते. रडणं कुडाच्या भिंती ओलांडून भर दुपारी आलं. त्याच वेळी माझ्या खणातले तिचे चार थेंब जड झाले. लाकडाला वजन कळतं. लहानूने माझा खण सरळ बसवला होता. त्या दुपारपासून तो डाव्या बाजूला झुकला. उंदीर आले, वाळवी दारापर्यंत आली, पण खणाला कुणी तोंड लावलं नाही. पांढऱ्या गोलांतलं ते रक्त तपकिरी झालं, पण उडालं नाही. जे मेलं ते वाट बघत होतं. मी बघत होते तशीच.

गावात म्हणाले, कुणीतरी केलं. केस गेले, कातडी गेली, मग पोर गेली. हे आपोआप कसं होईल? बोट शकुबाईकडे गेलं. म्हातारी सुईण. तिच्याच हातांनी करिश्मा जन्मली होती. तिला कुणी मारलं नाही, पण बाळंतपणाला बोलावणं बंद केलं. विहिरीवर ती आली की बायका भांडी उचलायच्या. अंगणात बसून म्हातारी आपले दोन हात उलटसुलट करून बघायची, त्यांनी काय केलं ते शोधत.

मग सात-आठ वर्षांनी उपकेंद्रात संघप्रिया आली. नागभीडकडची, नर्स. तपासणी येणार म्हणून मागची खोली झाडताना तिने मला ओढून काढलं, खण उघडला आणि पुडकं सोडलं. नावं वाचता वाचता ती करिश्माच्या नावाशी आली. त्या पोरीबद्दल तिने गावात ऐकलं होतं. दुसरी कुणी असती तर पुडकं चुलीत घातलं असतं आणि हात धुतले असते. ही धुरपताच्या घरी गेली आणि सांगून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपता आली. आठवा महिना होता. मागे लालसू.

"बाई, माया पोरीचं रक्त तुमच्यापासी हाय म्हनता. द्या."

"बसा तं आधी, धुरपताबाई. पाणी घ्या."

"बसाले नाई आली."

लालसू खाली बघत म्हणाला, "पुजारी म्हनते, अर्धी पोर तिथी आन् अर्धी इथी. दगड उभा करून राह्यलो पुढच्या हप्त्यात. पन ते पुरी असल्याशिवाय दगडापासी येनार नाई. इथीच फिरन. मंग नव्या लेकराच्या आंगावर बसन."

या गावची ती रीत. मेलेल्याच्या नावाने गावाबाहेर दगड उभा करायचा, पैसा जमेल तेव्हा, कधी कधी वर्षांनी, म्हणजे तो आपल्या माणसांत जाऊन बसतो. त्याचं जे काही असेल ते त्याच्यासोबत द्यायचं. आणि करिश्माचे चार थेंब सरकारी खोलीत, एका पेटीत होते. मला विचाराल तर पुजारी चुकीचं बोलत नव्हता. ती इथेच फिरत होती. मी साक्षीला आहे.

संघप्रियाने कागद हातात घेतला, पण दिला नाही. "डॉक्टर येऊन राह्यले आज. त्याइले एकदा भेटा. मंग तुमचं तुमी न्या. मी अडवनार नाई."

डॉक्टर सुनिल मोटरसायकलवरून आला, धुळीने माखलेला. त्याने कागद पाहिला, नाव पाहिलं, तारीख पाहिली. मग धुरपताच्या पोटाकडे.

"बाई, मले हे रक्त पायजे."

"तुमी बी सरच का?" धुरपताने विचारलं.

"नाई. मी माजरीचा. बाप कोयश्याच्या खानीत होता. आमच्याबी वर्गाले एक जन मठ्ठ म्हनूनच गेला होता."

"मंग तुमाले तं समजाले पायजे. इथून रक्त नेलं ते परत कोनी आनलं का?"

त्याने आधी कागद टेबलावर, तिच्या बाजूला ठेवला. हे बरं झालं. लगेच बोलला असता तर ती निघून गेली असती.

"करिश्माले काय काय होत होतं, सांगा," तो म्हणाला. धुरपताने सांगितलं. केस, कातडी, झटके, कान. त्याने सगळं लिहून घेतलं. तिचं बोलणं कागदावर उतरताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"हे कोनी केलं नसन," तो म्हणाला. "हे जनुकातलं असू शकते. असे शंभर रोग हायेत. काईले औषध हाय, काईले नाई. तिले कोन्ता होता ते तिच्या रक्तातच लिहिलं हाय. पोटातल्या लेकराले तोच असला, आन् आपल्याले आधी समजलं, तं कदाचित वाचवता येईन. तुमच्या दोघाच्या रक्तात नुसती सावली दिसन. पोर कायनं गेली ते पोरच सांगू शकते."

"पोर बोलत नव्हती," लालसू म्हणाला. "मंद होती. सरनं लिहून देल्लं."

तेव्हा धुरपता नवऱ्यावर असं ओरडली की बाहेरची कोंबडी उडाली.

"मंद? कोन मंद? थे ठोकळे मांडले होते ना मॅडमनं, थे नक्षी माया पोरीनं घरी मांडली. त्याच सांजी! मोहाच्या बिया आन् पांढरे गोटे. मधात एक तो ठोकळा. रोज मांडे. मराच्या आदल्या दिवसी मांडली. एक बी इकडचा तिकडं नाई. तुमी सगळे म्हनत होते खेळून राह्यली!"

मित्रांनो, सात वर्षांची पोर. दहा मोजेपर्यंत पाहिलेली नक्षी. दोन वर्षं. आणि माझ्या झाकणाच्या आत मॅडमने चिकटवलेल्या यादीत तिच्या नावापुढे शून्य होतं.

डॉक्टर खाली, जमिनीवर बसला. लालसूला म्हणाला, "भाऊ, जंगलात पायवाट कशी होते?"

"चालून."

"एकदा चालून?"

"एकदा चालून कुठी होते? रोज चालाव लागते. नाई तं गवत गिळते."

"डोक्यातबी तसंच. जे पाह्यलं, शिकलं, त्याची वाट पडते. रोज चाललं तं टिकते. पन वाट साफ कराले मानसं लागतात. त्याइले बोलवाचा हुकूम जनुकात लिहून राह्यते. तुमच्या पोरीले वाट पाडता येत होती. पक्की पाडली तिनं. तिच्या आंगात दुसरंच काईतरी अडलं होतं. तेच तिचं डोकं, कान, सगळं खात गेलं."

धुरपताने कागद जवळ ओढला. चार गोल. मग म्हणाली, "सगळे लागतात का?"

"एक पुरन."

"कोन्ता?"

"तुमी सांगा."

तिने बोट ठेवलं. कागदाला लागू दिलं नाही, वरच धरलं. "हा घ्या. मोठा हाय. बोट दाबलं तवा लय रडली होती."

डॉक्टरने हातमोजे घालून तो गोल कापला. बाकीचा कागद तिच्या पदरात ठेवला. "उरलं सुरलं परत आनतो."

"तुमचे लोक येत नाई परत."

"मी येतो."

आठवड्याने दगड उभा राहिला. मी तिथे नव्हते, संघप्रियाने नंतर सांगितलं. पुजाऱ्याची कटकट चालली होती. "पाऊन पोर कशी बसवाची?" तो म्हणाला. धुरपता म्हणाली, "बसवा. तीन भाग इथी झोपन. एक भाग कामाले गेली हाय. बहीन नाई तं भाऊ येऊन राह्यला, त्याची वाट साफ कराले." पुजाऱ्याने पाणी ओतलं. यावर त्याच्याकडे मंत्र नव्हता.

माझ्या खणातून तो कागद गेला त्या दिवसापासून मला झोप नव्हती. मला वाटायचं, आता खण हलका होईल. झाला नाही. चौथा थेंब बाहेर होता, अनोळखी शहरात, अनोळखी माणसांच्या हातांत. पोर पुन्हा एकदा परीक्षेला बसली होती. या वेळी तरी तिला नीट ऐकतील का?

धुरपताला मुलगी झाली. गुटगुटीत, डोकंभर काळेभोर केस. सगळे म्हणाले, हिला काही नाही. करिश्माही जन्मली तेव्हा अशीच होती. डोकंभर केस घेऊन. बाराव्या दिवशी धुरपता बाळाला घेऊन उपकेंद्रात बसली होती, तेव्हा डॉक्टर आला. पाऊस लागला होता. नाल्याला पाणी होतं, मोटरसायकल पलीकडे ठेवून तो कमरेएवढ्या पाण्यातून आला, कागद टोपीत घालून.

करिश्मा बोलली होती.

तिच्या शरीरातलं एकच जनुक बिघडलेलं होतं. त्याचं काम साधं. अन्नातलं एक जीवनसत्त्व असतं, बायोटिन. शरीर ते एकदा वापरून फेकत नाही, सोडवून घेऊन पुन्हा वापरतं. ते सोडवून घेण्याचं काम या जनुकाच्या हुकमाने चालतं. करिश्माच्या शरीरात तो हुकूमच चुकीचा लिहिलेला. जीवनसत्त्व रोज लघवीवाटे वाहून जायचं. केसांना मिळायचं नाही, कातडीला नाही, मेंदूला नाही. वाट पाडणारी माणसं होती, मेहनती होती. त्यांची शिदोरीच पोचत नव्हती. उपाशी राहून त्यांनी ती एक नक्षी सांभाळली.

"औषध?" धुरपताने विचारलं.

"गोळी. रोज एक. जन्मभर."

"कोन्ती गोळी? कुठी भेटते?"

"साधी जीवनसत्त्वाची गोळी हाय, बाई. तालुक्यालेबी मागवता येते."

मित्रांनो, यावर धुरपता रडली नाही. ती हसली. तसं हसणं मी पुन्हा ऐकू नये. एक गोळी! एकेचाळीस पोरांचं रक्त घेतलं, जीप आली, मॅडम आल्या, शाल आली, श्रीफळ आलं, आणि एक साधी गोळी आली नाही.

बाळाची टाच टोचली. पण त्या रक्ताच्या निकालाची वाट न बघता गोळी चुरडून आईच्या दुधातून त्याच दिवशी दिली, कारण तिने अपाय होत नाही. निकाल आला तेव्हा कळलं, बाळातही तीच चूक होती. दोन्ही प्रती बिघडलेल्या. एक आईकडून, एक बापाकडून. आईबाप स्वतः ठणठणीत, कारण त्यांची दुसरी प्रत चांगली. धुरपता लालसूच्या मामाची मुलगी. इथे अशी लग्नं पिढ्यान्‌पिढ्या होतात, म्हणून एकाच आज्याकडून आलेली चूक दोघांत भेटली. आता लगेच मान हलवू नका, की बघा, यांच्यातली लग्नंच अशी. डॉक्टर त्याच दिवशी म्हणाला, "माया आंगातबी अशा दोन-चार चुका असन. तुमच्याबी. सगळ्याइच्या असतात. काईच्या भेटत नाई, एवढंच." शहाण्या माणसाने आपल्या अंगातल्या चुका आधी मोजाव्या.

शकुबाईकडे संघप्रिया स्वतः गेली. "तुमच्या हातानं काई झालं नाई, आजी." म्हातारी म्हणाली, "मले मालूम होतं. पन हाताले मालूम नव्हतं." तिची माफी गावात कुणी मागितली नाही. विहिरीवर भांडी उचलणं बंद झालं, तीच माफी समजा.

आणि डॉक्टर परत आला. पाकिटात कागदाचा तो गोल होता, मधून बारीक भोकं पाडलेला, वाळक्या पानासारखा. धुरपताने तो नेला आणि दगडाखाली ठेवला. त्या दिवशी माझा खण सरळ बसला. खोटं वाटत असेल तर येऊन बघा.

राहिलेले चाळीस कागद? संघप्रियाने ते घरोघरी परत दिले. पत्रू तोवर मोठा झाला होता, ट्रॅक्टर चालवायचा. त्याने आपला कागद उलटा करून बघितला.

"याच्यात मायाबद्दल काय लिहिलं होतं, सिस्टर?"

"काई नाई रे. याच्यात तं कोनी पाह्यलंच नाई."

"मंग मास्तरनं मले मांगं काऊन बसवलं? चौथीत मी शाळा सोडली ते कायच्या पायी?"

  पत्रूने कागद खिशात घातला आणि ट्रॅक्टर चालू केला. तो जंगलात कधी हरवला नाही. त्याला हरवलं ते व्हरांड्यात.

आता मी म्हातारी झाले आहे. कडी गंजली, झाकणाची बिजागरी एका बाजूला लोंबते. पण मी रिकामी नाही. पावसाळ्यात नाला भरला की गाव चार महिने तुटतं, म्हणून ज्येष्ठ संपायच्या आत संघप्रिया माझ्या खालच्या खणात चार महिन्यांच्या गोळ्या भरून ठेवते. जिथे रक्त होतं तिथे. एक वर्ष माल उशिरा आला आणि पाणी आधी आलं. खणात नऊ गोळ्या होत्या. ते दिवस मी मोजले तसे कुणी मोजू नयेत. आठव्या दिवशी लालसू पोहून पलीकडे गेला आणि डब्बा डोक्यावर बांधून आणला. तेव्हापासून संघप्रिया पाच महिन्यांच्या ठेवते.

त्या बाळाचं नाव दीपाली. आज ती दुसरीत आहे. वेणी कंबरेपर्यंत. कान असे तिखट की खुसफुस केली तरी विचारते, "मायाबद्दल बोलून राह्यले का?" महिन्याच्या गोळ्या न्यायला आली की आधी मला उघडते आणि वरचे ठोकळे जमिनीवर ओतते.

परवा तिने ते मांडले. तांबडा, पांढरा, पांढरा, तांबडा. मी ओळखली ती नक्षी. मॅडमने मांडलेली, दहा मोजेपर्यंत दाखवलेली, मोडलेली. दीपाली तेव्हा जन्मलीही नव्हती. पंधरा ठोकळे बरोबर जागी बसले. मधली एक जागा तिने मोकळी सोडली.

संघप्रियाने टेबलावरची तांबडी झाकणी घेतली आणि तिथे ठेवायला गेली.

"नाई, नाई," दीपालीने तिचा हात धरला. "थे ताईची जागा हाय. तिचा तिच्यापासी हाय, दगडावर. आईनं सांगतलं. इथी काई ठेवाचं नाई."

मित्रांनो, मोठ्या सरांना कुणी गाठलंत तर एवढं विचारा. बिघडलेलं जनुक त्या पोरीला रक्तातून मिळालं. मग ही नक्षी तिला कशातून मिळाली? तिचा कुठला थेंब तपासाल? एका मरणाऱ्या पोरीने ती मोहाच्या बियांनी आईच्या डोळ्यांत मांडली. आईने अंगणात बसून धाकटीच्या हातांत दिली. ती लक्षात ठेवायला जनुकं राबली असतील, पण या देण्याघेण्यावर जनुकाचा अंगठा नाही.

माझी मागणी मोठी नाही. कुणाचं रक्त नेलंत तर काय सापडलं ते सांगायला परत या. लेकराला शून्य देण्याआधी त्याला ऐकू येतं का ते बघा, आणि तुम्हाला त्याचं ऐकू येतं का तेही. पाच महिन्यांच्या गोळ्या पाऊस लागण्याआधी पोचवा. आणि मला उचलायची वेळ आली तर दोन्ही हातांनी, हळू उचला. वरच्या कप्प्यात मधोमध एक जागा मोकळी आहे. ती सांडू देऊ नका.